मातृभाषेत पास की नापास?

२७ फेब्रुवारी जवळ आला की दरवर्षी एक साथ येते. 'तुमची मराठी किती पक्की?', 'खालील दहा शब्दांतून शुद्ध शब्द ओळखा', 'भले भले इथं चुकतात!' वगैरे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि त्या निमित्ताने आपण आपलाच पेपर घेतो. गंमत म्हणजे त्या पेपरात 'परीक्षा' हा शब्द हमखास असतो. री ऱ्हस्व की दीर्घ? (दीर्घ. परि अधिक ईक्षा, म्हणून परीक्षा.)

पेपर सोडवायला माझी हरकत नाही. मजा येते. हरकत आहे ती निकालावर. दहापैकी चार आले की माणूस म्हणतो, "माझं मराठी कच्चंच आहे रे." दहापैकी दहा आले की म्हणतो, "मराठीत आपल्याला तोड नाही!" मला वाटतं, हे दोघेही चुकतात. आणि पहिल्यापेक्षा दुसरा जास्त.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. टेस्ट पास झाली म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे असं नव्हे. टेस्टने जेवढं तपासलं तेवढंच बरोबर आहे. लॉगिनचं पान नीट उघडतं एवढंच तपासलं आणि बँकेचा सगळा हिशेब बरोबर आहे म्हणून सही केली, तर उद्या नोकरी जाईल. मग शुद्ध शब्द ओळखायच्या दहा प्रश्नांनी नेमकं काय तपासलं?

भाषा नक्कीच नाही. भाषा काय असते ते बघायचं तर चार वर्षांच्या पोराकडे बघा. 'मी पुस्तक वाचलं' म्हणताना क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं, आणि 'मी धडा शिकलो' म्हणताना 'मी'च्या मागे. असं का, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं, पण ते चुकत नाही. 'आपण जाऊया' म्हटलं की आपल्यालाही नेणार, आणि 'आम्ही जातो' म्हटलं की आपण घरीच, हे त्याला बरोबर कळतं आणि ते लगेच भोकाड पसरतं! हा फरक इंग्रजीत एका शब्दात करता येत नाही. तो दगड, ती भिंत, ते झाड हे सगळं परक्या माणसाला घोकून घोकून पाठ करावं लागतं. आपल्याला ते फुकट मिळालंय, म्हणून त्याचे मार्क कुणी धरत नाही.

म्हणजे भाषेचं स्पेसिफिकेशन कुठल्या पुस्तकात नसतं, ते बोलणाऱ्याच्या डोक्यात असतं. आणि ते स्पेसिफिकेशनच टेस्टमध्ये नापास व्हायला लागलं, तर बग टेस्टमध्ये शोधायचा असतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियात एका आयरिश पशुवैद्य बाईंची बातमी गाजली होती. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या, शिक्षण इंग्रजीत, काम इंग्रजीत. कायम राहण्याच्या व्हिसासाठी त्यांनी संगणकाने तपासली जाणारी इंग्रजीची परीक्षा दिली आणि तोंडी भागात त्या कमी पडल्या. ७९ गुण हवे होते, ७४ मिळाले. कॅनडात एक्स्प्रेस एंट्रीतून अर्ज करायचा तर शेजारच्या अमेरिकन माणसालाही इंग्रजीची किंवा फ्रेंचची परीक्षा चुकत नाही. तिथं निदान त्या परीक्षेवर व्हिसा तरी अवलंबून असतो. आपण आपल्या हौसेने स्वतःला नापास करून घेतो.

आता त्या दहा शब्दांकडे येऊ. ते शब्द कुठल्या नियमाने शुद्ध ठरतात? मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, आणि १९७२ साली त्यात आणखी ४ नियमांची भर पडली. एकूण १८. बस्स. १९६२च्या आधी 'कवि' आणि 'गुरु' बरोबर होते, नंतर 'कवी' आणि 'गुरू' बरोबर झाले. (तरी 'आणि' मात्र ऱ्हस्वच राहिला. अपवाद!) जुन्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'कांहीं' असे अनुस्वार दिसतात. ते लिहिणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या काळची उत्तरपत्रिका वेगळी होती, इतकंच. त्या एका वर्षात कुणाच्या बोलण्यात काडीचा फरक पडला नाही, पण बरोबर उत्तरं बदलली. म्हणजे हा पेपर भाषेचा नाही, लिहिण्याबद्दल झालेल्या एका कराराचा आहे.

करार वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट माझा पोटापाण्याचा संबंध त्याच्याशी आहे. एकच शब्द चार जण चार प्रकारे लिहायला लागले, तर सर्चमध्ये सापडणार कसा? साधं 'शुद्ध' घ्या. यात द आधी आणि ध नंतर. पण जोडाक्षर दिसायला असं आहे की निम्मे लोक ध आधी टाइप करतात आणि 'शुध्द' लिहितात. आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका सरकारी यादीत हे आणि दुसरीत ते असेल, आणि तो शब्द एखाद्याच्या नावात असेल, तर त्या बिचाऱ्याचं नाव जुळायचं नाही. त्यामुळे नियम हवेतच, आणि ते चार रविवार बसलं तर येतात. आमच्याकडे कोडिंग स्टँडर्ड असतं ना, तसंच. कुठं जागा सोडायची, नाव कसं द्यायचं. ते पाळावंच लागतं. पण ते पाळणारा प्रत्येक जण चांगला प्रोग्रॅमर असतो असं कुणी म्हणत नाही.

खरा घोळ होतो तो हा करार बोलण्यावर लादला की. आणि इथं मी कोल्हापूरचा असल्यामुळे गप्प बसणार नाही. :)

आमच्याकडे बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. माझी आई म्हणते, आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. पुण्यात हे ऐकलं की लोक हसतात. पुण्यातल्या एका कंपनीत माझ्याबरोबर आमच्याच भागातली एक मुलगी होती. हुशार, कामात आमच्या सगळ्यांच्या पुढे. पहिल्याच आठवड्यात ती मीटिंगमध्ये "मी काल उशिरा आलो" म्हणाली आणि अख्खी खोली फिदीफिदी हसली. पुढे कुणीतरी 'आलो' म्हणूनच हाक मारायला लागला. महिन्याभरात ती ऑफिसात मराठी बोलायची बंद झाली. सगळं इंग्रजीत. इंग्रजीतल्या 'आय केम'ला लिंगच नसतं, त्यामुळे हसायची सोयच नाही! ज्या लोकांनी तिला मराठी सोडायला लावलं तेच फेब्रुवारीत मराठीच्या अभिमानाचे संदेश पाठवत होते.

आता व्याकरणाच्याच अंगाने बघा. प्रमाण मराठीत चार बायका 'आम्ही आलो' म्हणतात आणि चार पुरुषही 'आम्ही आलो'च म्हणतात. तिथं भेद नाही आणि कुणाला खटकतही नाही. कोल्हापूरच्या बोलीत तो भेद एकवचनातही नाही, एवढाच काय तो फरक. यात चूक कुठं आली? एक नियम थोडा पुढे नेलाय. 'आलतो', 'गेलतो', 'काय करालाईस' यांचंही तेच. प्रत्येकाला आपला नियम आहे, आणि तो मोडला की कोल्हापूरचं शेंबडं पोरगंही सांगेल, "असं न्हाई म्हणत."

कागलचे आनंद यादव पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. प्रमाण मराठी त्यांना येत नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी 'गोतावळा' ही अख्खी कादंबरी शेतावरच्या गड्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत लिहिली. 'झोंबी'ला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही येणं ही श्रीमंती आहे. एक येतं म्हणून दुसरं पुसून टाकायचं, ही कसली परीक्षा?

हे झालं नापास होणाऱ्यांचं. आता दहापैकी दहावाल्यांकडे वळतो, कारण मला जास्त काळजी त्यांची वाटते. त्यात माझ्यासारखे इंजिनिअर बरेच आहेत.

आमचं मराठी दहावीपर्यंत झालं. मग सायन्स, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. म्हणजे मराठीत सलग एक पान लिहायचा शेवटचा प्रसंग 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'मी मुख्यमंत्री झालो तर'. त्यानंतर डोक्यात जे जे नवं शिरलं, मग तो डेटाबेस असो, कर्जाचा हप्ता असो की आजारपणातले रिपोर्ट असोत, ते इंग्रजीत शिरलं. माणूस तिशीला आला तरी त्याचं लिहायचं मराठी पंधरा वर्षांचंच राहिलं. शुद्धलेखन पक्कं, पण सांगायला काही नाही! २०२० साली राज्यात कायदा झाला आणि सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, चांगलंच झालं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचाही आनंद आहे. पण आपलं थांबलेलं मराठी त्याने आपोआप पुढे सरकत नाही.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांतले जे जे काही तरी अवघड काम करतात, त्यांना ते काम मराठीत सांगता आलं नाही, तर ते ज्ञान घरातल्याच माणसांपर्यंत पोचत नाही. माझ्या मते नापास होणं म्हणतात ते हे.

मग परीक्षा घ्यायचीच असेल तर कशी घ्यावी? इथं मी इंग्रजीच्याच एका परीक्षेकडून उसनं घेतो. आयईएलटीएसच्या लेखी पेपरात शुद्ध-अशुद्ध ओळखा असलं काही नसतं. तासाभरात दोन गोष्टी लिहायच्या. शैक्षणिक प्रकारात पहिली म्हणजे एखादा आलेख किंवा तक्ता बघून किमान १५० शब्द, आणि दुसरी एखाद्या प्रश्नावर आपलं मत, किमान २५० शब्दांत. त्या परीक्षेत दोष असतील, पण निदान ती भाषेकडून काम करून घेते.

तर आपला कोल्हापुरी पेपर असा.

प्रश्न पहिला. जुलैतला एक आठवडा घ्या. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी रोज किती होती ते समोर मांडा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी कसं चढलं, कधी रेंगाळलं, कधी ओसरलं, ते १५० शब्दांत लिहा. असं लिहा की नदीकाठच्या माणसाला जनावरं कधी हलवायची ते कळेल. २०१९ आणि २०२१चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. शब्दांची वाण नाही. पात्राबाहेर, फुगवटा, ओसरणे, सगळं आहे. कोल्हापूरच्या माणसाला विसर्ग म्हटलं की दोन टिंबं आठवत नाहीत, राधानगरी आठवते!

प्रश्न दुसरा. त्याच राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. कुणी हात न लावता ते उघडतात आणि बंद होतात. कसे, ते २५० शब्दांत लिहा. वाचणारा सातवीतला मुलगा आहे असं समजा.

प्रश्न तिसरा, आणि हा सक्तीचा. तुम्ही दिवसभर ऑफिसात काय करता, ते आईला कळेल असं एक पानभर लिहा. इंग्रजी शब्द चालतील. सर्व्हरला सर्व्हरच म्हणा, उगाच नवे शब्द पाडू नका. पण वाक्य मराठी हवं आणि अर्थ पोचायला हवा.

उत्तरपत्रिका छापलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क शेवटी कापा, कापायचेच असतील तर, आणि तेही पाच पैकी. बाकीचे पंच्याण्णव आईच्या हातात. तिनं वाचून "असं होय! मग एवढा वेळ का लागतो रे तुला?" असं विचारलं, तर पास समजा. तिला प्रश्न पडला, म्हणजे कळलं.