डिजिटल बँकिंग : अंगठा गरिबाचा, सवलत कुणाची?

आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या वहीवर अंगठे उमटवले. बाबासाहेबांनी शिका म्हटल्यावर त्यांच्या मुलांनी सही गिरवली आणि बँकेच्या पावतीवर ती सही करताना त्यांची मान ताठ झाली. आज त्याच घरातली म्हातारी तीर्थपुरीच्या बाजारात एका दुकानात काचेच्या डबीवर पुन्हा अंगठा दाबत बसली आहे. यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. उसाच्या फडात आणि कापूस वेचण्यात झिजलेल्या बोटांना रेषा उरतीलच कशा? दुकानदार म्हणतो, बोट पुसा. मग म्हणतो, रेंज नाही, उद्या या. उद्याचा रोज बुडतो तो वेगळाच. ठसा जुळलाच, तर हजारामागे दहा-वीस रुपये तो काढून घेतो. म्हातारी त्याला 'मशीनचे पैसे' म्हणते.

हे पैसे कोणत्या कायद्याने घेतले जातात? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, तेव्हाच प्रतिनिधीने ग्राहकाकडून परस्पर शुल्क घेऊ नये अशी अट घातली होती. त्याचा मोबदला बँकेने द्यायचा आहे. पण तो इतका तुटपुंजा असतो की दुकानदार ग्राहकाच्या खिशात हात घालतो. हा दुकानदार बहुतेक वेळा आपल्याच समाजातला पदवी घेऊन बेकार राहिलेला पोरगा असतो. त्याच्यावर डोळे वटारून काय साधणार? बँकेने स्वतःचा खर्च वाचवला आणि एका गरिबाला दुसऱ्या गरिबाकडून वसुलीला बसवले, हा खरा मामला आहे.

आता दुसरी बाजू पाहा. ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे त्याला यूपीआयवर एक पैसा लागत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेने ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २ हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यावरही त्याचे शुल्क नाही. लहान दुकानदारांकडच्या अशा व्यवहारांसाठी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षाकरिता सुमारे दीड हजार कोटी रुपये तिजोरीतून द्यायचे ठरवले. म्हणजे फोनवाल्याचा व्यवहार फुकट, त्याचा भार जनतेच्या तिजोरीवर. आणि अंगठेवालीचा व्यवहार रोखीने, तिच्याच पदराच्या गाठीतून. आम्ही यूपीआयचे विरोधक नाही. क्यूआर कोड ग्राहकाची जात विचारत नाही, ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही. पैसे पाठवताना पडद्यावर आडनाव तेवढे दिसते!

पण खरा प्रश्न पैसे काढण्याचा नाही, कर्ज मिळण्याचा आहे. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, तिची खाती ५५ कोटींच्या पुढे गेली. खाते उघडले म्हणजे पत मिळाली का? ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले आणि आले तसे किराण्याला गेले. घरात शेळ्या घ्याव्यात, शिलाई यंत्र घ्यावे, यासाठी बँक दार उघडत नाही. मग बाई गटकर्जवाल्या कंपनीकडे जाते, किंवा फोनवर चिमटीत कर्ज देणाऱ्या ॲपच्या तावडीत सापडते. बाबासाहेबांनी १९१८ च्या शेतीविषयक निबंधात दाखवून दिले होते की लहान शेतकऱ्याचे दुखणे केवळ तुकड्याच्या आकारात नाही, भांडवल आणि साधने नसण्यात आहे. शंभर वर्षांनंतर दुखणे तेच आहे.

नियम तर आहेत. बँकांनी आपल्या कर्जातील १२ टक्के दुर्बल घटकांना आणि १० टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांना द्यावे असे बंधन आहे. परंतु एप्रिल २०१६ पासून या बंधनाला बाजार जोडला गेला. ज्या बँकेने लहान शेतकऱ्यांना पुरेसे कर्ज दिले नाही, ती दुसऱ्या बँकेकडून रिझर्व्ह बँकेच्या संगणकावर त्याचे प्रमाणपत्र विकत घेऊ शकते. मुंबईत बसून कळ दाबली की उद्दिष्ट पूर्ण. घनसावंगी तालुक्यात एकही फाईल उघडायची गरज नाही. इकडे एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो सातबाऱ्यावर मिळतो. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून सातबाऱ्याची वाट पाहिली आहे. ज्याचे नाव तलाठ्याच्या कागदावर नव्हते, ते आता संगणकातही नाही.

जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडले की २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नातील २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला. यंत्राने ही दरी निर्माण केली असे आम्ही म्हणणार नाही. पण पत कुणाला द्यायची हे यंत्र जुन्या नोंदी पाहून ठरवते, आणि आमच्या माणसाच्या जुन्या नोंदी म्हणजे सावकाराची वही!

वकील म्हणून आम्हाला इथे एक गोष्ट खुपते. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचे कर्ज शाखेच्या पातळीवर नाकारू नये, वरच्या अधिकाऱ्याने ठरवावे आणि नकाराचे कारण स्पष्ट लिहावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. वर्षानुवर्षांच्या भांडणातून मिळालेले हे संरक्षण आहे. ॲप तीन सेकंदांत 'आपण पात्र नाही' म्हणते, तेव्हा तो वरचा अधिकारी कोण? कारण कुठे लिहिले? दाद कुणाकडे मागायची? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अंध आणि ॲसिडहल्ला पीडितांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सुविधा मिळणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून ज्यांची ई-केवायसी होत नव्हती, त्यांची ती लढाई होती. झिजलेल्या अंगठ्याची लढाई याच निकालाच्या आधारे का लढू नये?

तूर्त एवढे करावे. कर्जाचा अर्ज ॲपवर न करता कागदावर करावा, शाखेत द्यावा आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्यावी. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी लेखी कारण मागणारे पत्र द्यावे, त्याचीही पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवावे आणि पावती सांभाळून ठेवावी. महिनाभर उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, तिला फी लागत नाही. तीर्थपुरी आणि आसपासच्या गावांतून अशा वीस-पंचवीस पोचपावत्या जमल्या, तर पुढचा अर्ज आम्ही लिहू.