मशीद थंड कशी राहील?

मराठवाडा आणि विदर्भातल्या गावांमध्ये गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सारखी दिसते. जुनी मशीद पाडली जाते. दोन-तीन वर्षे चंदा गोळा होतो, मुंबई-पुण्यात आणि आखातात कमावणारी मुले हात सैल सोडतात, आणि त्या जागी दुमजली, फरशीने चकाकणारी, सरकत्या काचांची नवी मशीद उभी राहते. इफ्तेताह थाटात होतो. मग एप्रिल येतो आणि जोहरच्या नमाजला आतमध्ये उभे राहवत नाही. पुढच्या जुम्याला एसीसाठी नवा चंदा जाहीर होतो.

मशीद मोठी होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. वस्ती वाढली, जुम्याला लोक रस्त्यावर उभे राहू लागले, तर जागा वाढवावीच लागेल. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तिथे आपण इमारत बांधताना उन्हाचा विचार का करत नाही?

जुन्या मशिदी तो विचार करून बांधलेल्या होत्या. हात-दीड हात जाडीच्या, दगड-चुन्याच्या भिंती. दिवसभराचे ऊन आतपर्यंत पोहोचायला त्या भिंतीत कित्येक तास जातात, तोवर संध्याकाळ होते. छत उंच, म्हणून तापलेली हवा डोक्यावर राहते. समोर मोकळे सहन, सहनात हौज, कडेला कडुलिंब किंवा चिंच. कोरड्या हवेत हौजाचे पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता शोषते, झाड हेच काम पानांमधून करते. मगरिबनंतर सहनावर पाणी शिंपडले की अर्ध्या तासात तिथे बसावेसे वाटते. यात चमत्कार नव्हता, गवंड्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण होते.

नव्या बांधकामात या सगळ्याच्या उलट होते. चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि इशा-तरावीहपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेची काच ऊन आत घेते, बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचे सगळे ऊन नेमके मेहराबच्या भिंतीवर येते. या भिंतीला काच नको, बाहेरून सावली हवी, हे कोणत्याही जुन्या गवंड्याने सांगितले असते. सहनावर जास्तीचे बांधकाम होते, हौज बुजतो, आणि ‘पानांचा कचरा होतो’ म्हणून झाड तोडले जाते.

याचा त्रास कोणाला होतो? ट्रस्टींना फारसा नाही. एसी जुम्याच्या तासाभरापुरता चालतो, कारण बिल परवडत नाही. उरलेला आठवडा वीज गेली की पंखेही बंद. पेशइमामाची खोली बहुतेक ठिकाणी गच्चीवर असते, तिच्यावर पत्रा. मदरशाची मुलेही पत्र्याखालीच बसतात आणि तिथेच झोपतात. महिलांसाठी जागा ठेवलीच, तर ती वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या स्लॅबखाली. चंदा देणाऱ्यात गरीब असतो, मजूर असतो, पण नकाशा पास करताना त्याच्या घामाचा विचार कोणी करत नाही.

‘जुने दगडकाम आता परवडत नाही, तसे कारागीरही नाहीत’ हे उत्तर मला ट्रस्टींकडून अनेकदा मिळाले. त्यात तथ्य आहे. पण गोष्ट फक्त दगडाची नाही. ढाक्यात मरीना तबस्सुम या वास्तुविशारद बाईंनी 2012 साली ‘बैतुर रौफ’ मशीद पूर्ण केली. जमीन त्यांच्या आजीने दिलेली, पैसा लोकांच्या चंद्याचा. या मशिदीला घुमट नाही, मिनार नाही. साध्या विटा, विटांच्याच जाळ्या, छतातून येणारा उजेड आणि भिंतीतून फिरणारा वारा. 2016 साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

आता तिची नक्कल आपल्याकडे करा, असेही मी म्हणणार नाही. ढाक्याची हवा दमट, तिथे वारा खेळता ठेवणे हाच उपाय. तो आपल्या कोकणाला लागू पडतो, आणि तिथल्या जुन्या मशिदी उतरत्या कौलांच्या आहेत. मराठवाड्यात दुपारी बाहेरचा वारा म्हणजे झळ. इथे दिवसा बंद ठेवून रात्री सगळे उघडायचे, आणि गारव्यासाठी पाण्याची मदत घ्यायची. औरंगाबादच्या पाणचक्कीत हे पाहता येते. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणले, त्यावर दळणाचे जाते चालवले, आणि तेच पाणी मोठ्या हौजात साठवले. त्या हौजाच्या खाली दालन आहे. डोक्यावर पाणी असल्याने भर उन्हाळ्यात ते थंड राहते. या शहराला त्याआधी मलिक अंबरने नहर दिली होती. हा वारसा आपण भाषणात सांगतो, बांधकामात वापरत नाही.

जुन्याची पूजा करण्यातही धोका आहे. इजिप्तचे हसन फतही यांनी 1940 च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांत, घुमट-कमानींनी वसवायला घेतले. घरे थंड होती, स्वस्त होती. पण जुन्या गुर्नाच्या लोकांना तिथे जायचेच नव्हते. त्यांची रोजीरोटी जुन्या वस्तीखालच्या कबरींशी जोडलेली होती, आणि घुमट त्यांना मजारीची आठवण देई. गाव अर्धवट राहिले. तेव्हा जमातीला विचारल्याशिवाय, समजावल्याशिवाय यातले काही होणार नाही.

सुरुवात मात्र लहान खर्चात होऊ शकते. स्लॅबवर दर उन्हाळ्यात पांढऱ्या चुन्याचे दोन हात. पश्चिमेच्या भिंतीबाहेर जाळी किंवा वेल. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे, वुजूचे पाणी. उघडा नळ मिनिटाला पाच-सहा लिटर सहज सांडतो. एका माणसाला दोन मिनिटे लागली, तर शंभर माणसांचे एका वक्ताला हजार लिटर झाले. हे पाणी साबणाचे नसते, तरी गटारात जाते. एक चर खोदला तर त्यावर दहा-वीस झाडे पोसतील. ज्या गावात टँकर येतो, तिथे हे न करणे मला इस्राफच वाटतो.

दीनचा आधार हवा असेल तर तोही आहे. कडक उन्हात जोहर थोडी थंड वेळी पढण्याची मुभा हदीसमध्ये आहे, म्हणजे माणसाच्या देहाला उन्हाचा त्रास होतो याची दखल तिथे घेतलेली आहे. रसूलुल्लाह एक मुद, म्हणजे लिटरभरही नसलेल्या पाण्यात वुजू करत. झाड लावणाऱ्याला त्यातून पक्ष्याने खाल्ले तरी सदक्याचा सवाब आहे. आणि मदिनेतली रसूलुल्लाहंची मशीद सुरुवातीला कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांची आणि फांद्यांच्या छताची होती. तिथे मिळणाऱ्या वस्तूंतून, तिथल्या हवेसाठी बांधलेली.

तुमच्या गावात नव्या मशिदीचा चंदा सुरू असेल तर जरूर द्या. फक्त पावती घेण्याआधी नकाशा मागा. पश्चिमेला काच आहे का, वुजूचे पाणी कुठे जाते, अंगणातले झाड राहणार की जाणार, इमाम आणि मुले कोणत्या छताखाली झोपणार, हे चार प्रश्न विचारा. पाया भरण्याआधी विचारलेत तर उत्तर बदलण्याची शक्यता असते. स्लॅब पडल्यावर फक्त एसीचा चंदा उरतो.