कमरेला कोयता, बॉस!

'व्हायकिंग्ज' ही सीरियल 2013 मध्ये आली आणि दाढ्या, वेण्या, कुऱ्हाडी असं सगळं एकदम कूल झालं. मग सुरू झाले चाकू घडवण्याचे व्हिडिओ. लालबुंद लोखंड, ठण्ण ठण्ण हातोडा, शेवटी पाण्यात चुर्रर्र! डेडलाइनच्या रात्री असलं काही बघितलं की डोकं शांत होतं म्हणे. आपलाही एक हाताने घडवलेला व्हायकिंग चाकू असावा, असं मनात येतंच.

यार, इतक्या लांब कशाला जायचं? वीकएन्डला अलिबाग गाठताच ना? मग पुढच्या वेळी नागाव, चौल, मुरूड किंवा श्रीवर्धनला नारळ-सुपारीच्या वाडीत काम करणाऱ्या माणसाच्या कमरेकडे बघा. तिथे आकडी बांधलेली असते आणि आकडीत कोयता. शहाळं सोलणं, झावळी तोडणं, सरपण फोडणं, सगळं त्याच्यावरच. हा खरा मल्टिटास्कर!

व्हायकिंगांचा 'सॅक्स' एका बाजूने धारेचा, जाड पाठीचा असायचा आणि त्याची निमुळती शेपटी लाकडी मुठीत ठोकलेली असायची. कोयत्याचीही कुंडली हीच, फक्त पातं आत वळलेलं. आणि लोखंडाच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही. नागपूरजवळ नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची जी भट्टी सापडली, ती व्हायकिंगांच्या कितीतरी शतकं आधीची आहे.

आता मेकिंग ऑफ कोयता. पुष्कळदा कच्चा माल म्हणजे भंगारातला ट्रकचा पाटा. गाडीचे धक्के खाणारं हे पोलाद चिवट असतं. ते कोळशाच्या भट्टीत तापवायचं. पूर्वी भाता असायचा, आता बऱ्याच ठिकाणी पंखा. लोखंड नारिंगी-पिवळं झालं की सांडशीने ऐरणीवर आणि घणाचे घाव सुरू. काळपट लाल झालं की थांबायचं, नाहीतर तडा जातो.

खरी गंमत पुढे आहे. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि आत वळलेलं पातं सरळ व्हायला बघतं. म्हणून लोहार आधीच बाक थोडा जास्त देऊन ठेवतो. हे गणित कागदावर नसतं, हातात असतं.

आणि मग क्लायमॅक्स, पाणी देणं. पातं तापवून फक्त धारेची कड पाण्यात बुडवायची. ती काचेसारखी कडक होते, पण ठिसूळही. बाहेर काढलं की पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग दिसतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. योग्य रंगाला पुन्हा पाणी. लवकर दिलं तर धारेचे टवके उडणार, उशीर केला तर धार वळणार. सगळा खेळ काही सेकंदांचा! व्हायकिंग लोहार महागडं पोलाद फक्त धारेला जोडायचे, बाकी पातं मऊ लोखंडाचं. आपला लोहार एकाच तुकड्यात तोच इफेक्ट आणतो, धार कडक आणि पाठ चिवट. पाणीदार हा शब्द आपण उगाच नाही वापरत!

पण सध्या हा लोहारच ऐरणीवर आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारी लावली की पहिलं पीक यायला पाच-सात वर्षं जातात. जितकी झाडं कमी, तितकं कोयत्याला काम कमी. त्यात कारखान्यातली स्वस्त पाती बाजारात आली. आणि शहरात कोयत्याचं नाव निघालं की 2022-23 च्या पुण्यातल्या 'कोयता गँग'च्या हेडलाइन्स आठवतात. ज्या हत्याराने पिढ्यान् पिढ्या वाडी सांभाळली, त्याची ओळख अशी व्हावी? टू मच!

तेव्हा पुढच्या ट्रिपला रिसॉर्टवाल्याला स्विमिंग पूलची वेळ विचारून झाली की गावातल्या लोहाराचा पत्ताही विचारा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो आहे, गाडीसकट जाता येतं. ऑर्डर द्या, पण घासाघीस नको. पिझ्झ्यावर आपण करतो का? कोयता नको असेल तर घरच्यासाठी विळी किंवा भाजीची सुरी सांगा. मूठ हातात धरून बघा, बसत नसेल तर तिथेच सांगा. हे कस्टमायझेशन मॉलमध्ये मिळत नाही.

दोन सूचना. एक, हे स्टेनलेस नाही. सिंकमध्ये भिजत ठेवलंत तर गंजणार. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. दोन, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती शस्त्रास्त्र नियमांत येतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, पण सूट अवजाराला आहे, शोबाजीला नाही. म्हणून कोयता कागदात गुंडाळून डिकीत ठेवा, कमरेला लावून सेल्फी नको.

आणि धार गेली तर फेकू नका. तोच लोहार पाजवून देईल. तेवढंच परत जायला निमित्त!