गृहोपयोगी चार गोष्टी : दोन नळ्यांचा सरस

या सदरांत आम्ही बहुधा स्वतःच्या फजित्या सांगत नाहीं. लोकांच्या अनुभवावर दोन शब्द लिहून मोकळें होणें अधिक सोयीचें असतें. परंतु या वेळचा विषयच असा आहे कीं, त्यांतील निम्में ज्ञान आम्हांस फजितीनेंच प्राप्त झालें. तेव्हां ती लपवून ठेवणें बरें नव्हे.

गोष्ट एका सहाणेची आहे. आमच्या मातोश्रींचें वय आज ब्यायशीं वर्षांचें. लग्न होऊन त्या या घरीं आल्या, तेव्हां माहेराहून आणलेल्या वस्तूंपैकीं आतां दोनच शिल्लक आहेत. एक पितळी समई, आणि दुसरी ही काळ्या दगडाची, तीन आंखूड पायांची वाटोळी सहाण. साठ वर्षांच्या उगाळण्यानें तिच्या मध्यभागीं तळहाताएवढा खोलगट भाग झाला आहे. गेल्या वैशाखांत देवघर धुतांना ती आमच्याच हातून निसटली आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले. मातोश्री एक शब्दहि बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या एक तुकडा डाव्या हातानें आवळून धरून त्यावर गंध उगाळीत बसलेल्या आम्हीं पाहिल्या, आणि त्याच दुपारीं आम्ही हार्डवेअरच्या दुकानांत जाऊन उभे राहिलों.

दुकानदारानें पुढें केला तो एपॉक्सी जातीचा सरस. पुष्कळ घरीं तो ॲराल्डाइट या एका छापाच्या नांवानेंच ओळखला जातो. त्याच्या नळ्या दोन असतात. एकींत राळ आणि दुसरींत ती राळ घट्ट करणारें द्रव्य, ज्यास बाजारांत हार्डनर म्हणतात. हा सरस दंतवैद्यकाच्या पोटीं जन्मास आला हें ऐकून कित्येकांस मौज वाटेल. पीएर कास्तां नांवाचे स्विस रसायनशास्त्रज्ञ १९३८ च्या सुमारास दांतांच्या कवळ्यांसाठीं नवें द्रव्य शोधीत असतां त्यांस ही युक्ति साधली. कवळ्यांच्या कामीं ती फारशी आली नाहीं. पण सीबा या स्विस कंपनीनें ती हातीं घेतली, आणि १९४६ सालीं बाझल येथील प्रदर्शनांत ॲराल्डाइट लोकांपुढें आला.

आमच्या लहानपणचा सुताराचा सरस किंवा घरचा डिंक हा वाळून घट्ट होतो. त्यांतील पाणी उडून जातें. या नव्या सरसांत उडून जाण्यासारखें कांहींच नसतें. राळेच्या कणांच्या दोन्ही टोकांस जणूं मिटलेलीं कडीं असतात. हार्डनर तीं कडीं उघडतो व त्यांत स्वतः अडकून एका कणास दुसऱ्याशीं बांधतो, आणि अशा रीतीनें सगळ्या मिश्रणाचें एक अखंड जाळें विणलें जातें. म्हणून सांधलेली वस्तु पंख्याखालीं ठेवून कांहींएक लाभ नाहीं. (आम्हीं ती ठेविली होती.) दुसरें असें कीं, हें जाळें विणलें जात असतां उष्णता बाहेर पडते, आणि उष्णतेनें विणण्याची गति आणखी वाढते. सारें मर्म या एका गोष्टींत आहे.

तें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्हीं पांच मिनिटांत घट्ट होणारा सरस आणला होता, कारण घरांत घाई होती. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर चाळीस अंशांचें ऊन. दोन्ही नळ्या आम्हीं एका खोलगट स्टीलच्या वाटींत पुऱ्या पिळल्या, काडीनें घोटल्या, आणि मग सहाणेचे तुकडे कसे जुळतात तें पाहूं लागलों. तिसऱ्या मिनिटास वाटी हातांत धरवेना. काडी तींत उभीच्या उभी रुतून बसली. दगडास जेवढें मिश्रण लागलें होतें तेवढ्यावर आम्हीं दोन्ही तुकडे घाईनें दाबले. ते नखभर वरखालीं राहिले आणि तसेच जखडले.

पांच मिनिटें ही वेळ पेटीवर छापलेली असते, ती साधारण पंचवीस अंशांच्या हवेची व थोड्या मिश्रणाची. मिश्रण एका जागीं जितकें जास्त आणि भांडें जितकें खोल, तितकी त्याची उष्णता आंत कोंडते आणि अवधि आंखडतो. तेंच मिश्रण सपाट लादीवर पातळ पसरलें तर उष्णता निघून जाते व हातीं वेळ राहतो. हवेचा हिशेबहि ढोबळपणें असाच आहे: दर दहा अंशांस अवधि निम्मा होतो. पुण्याच्या पौषांतील पहाटे जें मिश्रण तासभर काम करूं देईल, तें वैशाखाच्या दुपारीं सात-आठ मिनिटांत आपल्याला निरोप देईल.

आतां जखडलेला सांधा सोडवायचा कसा? येथें उष्णतेचाच उपयोग झाला. हा सरस सुमारें साठ-सत्तर अंशांपासून नरमूं लागतो. एका जुन्या, पुन्हां स्वयंपाकास न घेण्याच्या पातेल्यांत सहाण गार पाण्यांत ठेवून आम्हीं तें हळूहळू उकळीस आणलें. दगड एकदम तापविला तर तडकण्याचें भय असतें. खिडक्या उघड्या ठेविल्या. अर्ध्या तासानें लांकडी पाचर सांध्यांत सरकली आणि सहाण सुटली. सरस रबरासारखा खरवडून निघाला.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालों होतों, आणि तेंच नडलें. सावकाश घट्ट होणारा साधा सरस आणला. साध्या हवेंत त्याचा कामाचा अवधि तास-दीड तासांचा असतो. तरीहि उन्हाची धास्ती असल्यामुळें आम्हीं विचार केला कीं, हार्डनर निम्माच घातला तर वेळ आणखी वाढेल. चहाचा पाक करतांना साखर कमी-अधिक करावी, तसा हा तर्क. पण येथें प्रत्येक कड्यास त्याचा जोडीदार मोजून दिलेला असतो. हार्डनर कमी पडला तर राळेचे कण एकटे राहतात, जास्त झाला तर तोच एकटा राहतो. वेळ बदलतो असें वाटतें खरें, परंतु बदलतें तें बळ. दोन दिवसांनीं आमचा सांधा नखानें दबत होता, आणि आठव्या दिवशीं खोडाच्या तिसऱ्या फेऱ्यास सरकला. मातोश्री म्हणाल्या, “अरे, राहूं दे आतां. एका तुकड्यावरहि गंध निघतें.”

हें वाक्य आम्हांस फार लागलें.

तिसऱ्या वेळीं आम्हीं सारें काम मिश्रणाच्या आधीं केलें. सहाण पुन्हां सोडविली, तारेच्या ब्रशानें घांसली, आणि तीन दिवस उन्हांत वाळविली. दगड पाणी धरून ठेवतो आणि ओल्या दगडास हा सरस नीट चिकटत नाहीं. फुटलेल्या बाजू ॲसिटोननें पुसल्या व नंतर त्यांस बोट लाविलें नाहीं. एका बादलींत कोरडी वाळू भरून मोठा तुकडा तींत असा पुरला कीं, त्याची फुटलेली बाजू वर व सपाट राहावी. म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या वजनानेंच सांधा दाबला जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ठेविली. मग सरसावांचून दोनदां तुकडे बसवून पाहिले, जशी नाटकाची तालीम करावी तशी. कोणता हात कोठें ठेवायचा हें ठरलें, तेव्हांच नळ्यांचीं टोपणें उघडलीं.

वेळ पहाटे पांचची, गारव्याची. दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीच्या रेघा एका फरशीवर काढल्या (हें प्रमाण आमच्या पेटीवर लिहिलेलें होतें, तुमच्या पेटीवर निराळें असेल तर तें पाळावें), आणि कडा पुन्हां पुन्हां आंत ओढीत दोन मिनिटें घोटलें. रंगाच्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत घोटावें. मग दोन्ही बाजूंस पातळ थर दिला, वरच्या कडेपासून जवाएवढी जागा मात्र कोरडी सोडली. उगाळलेलें गंध कपाळीं व देवास जातें, त्यांत सरसाचा अंश येऊं नये म्हणून. तुकडा बसवून किंचित् पुढेंमागें सरकविला, सांध्यावरून आडवें नख फिरवून पातळी पाहिली, आणि ट्यूबची पट्टी गुंडाळली. पट्टी बेतानेंच आवळावी. फार आवळलें तर सरस सगळा बाहेर येऊन सांधा उपाशी राहतो. इतकें करून घड्याळ पाहिलें तों अकरा मिनिटें झालीं होतीं. उरलेला वेळ आम्ही उगीच बसून राहिलों.

फरशीवर उरलेला थेंब मात्र पुसूं नये. तो सांध्याचाच भाऊ आहे. सांध्यास हात लावून पाहण्याचा मोह झाला कीं त्या थेंबांत नख रुतवून पाहावें. आमचा थेंब संध्याकाळीं घट्ट झाला; पट्टी आम्हीं दुसऱ्या दिवशीं सोडली आणि सहाणेस पाणी त्यानंतर आणखी दोन दिवसांनीं लाविलें. हातांत धरण्याइतकें घट्ट होणें आणि पूर्ण बळ येणें, यांत असें अंतर असतें.

कांहीं सावधगिऱ्या थोडक्यांत सांगतों. हातमोजे अवश्य घालावे. या सरसाची त्वचेस एकदां वावडी जडली कीं ती बहुधा जन्मभर राहते. हातास लागल्यास साबण-पाण्यानें धुवावें, ॲसिटोननें नव्हे. उपकरणें सिरक्यानें पुसावीं. दोन नळ्यांचीं टोपणें अदलाबदल करूं नयेत, नाहींतर नळी कायमची मिटते. चुलीवरचें भांडें, लोणच्याची बरणी व पॉलिथिनची बादली यांस हा सरस लावूं नये. पहिलें तापतें, दुसरीचें पोटांत जातें, आणि तिसरीस तो चिकटतच नाहीं. तंबोऱ्याच्या भोपळ्यास तडा गेला असल्यास तो मिरजेच्या कारागिराकडे न्यावा. जुन्या सरसाचा सांधा वाफेनें सुटतो व वाद्य पुन्हां उघडतां येतें. आमच्या या सरसानें पुढच्या दुरुस्तीचा मार्गच बंद होतो.

सहाण हल्लीं रोज चालते. मातोश्रींनीं पहिल्या दिवशीं तिच्यावरून अंगठा फिरवून सांधा शोधला, आणि तो त्यांस सांपडलाहि. त्या बारीक फटींत गंध बसतें, तें त्या जुन्या दांतघांसणीनें काढतात. परवां त्यांनीं आमच्यापुढें समईचा निखळलेला मोर आणून ठेविला. समई तापते, तेव्हां तो आम्हीं तांबटाकडे पाठविला आहे.