जन्मतारीख की धूर?

दिल्लीची हवा शुद्ध व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी, हा हरित न्यायाधिकरणाचा व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेला दंडक आम्हांस कधीच पटला नाही. धूर मोजण्याचे यंत्र पेट्रोलपंपावर असताना गाडीची जन्मतारीख पाहावी, हे नवलच! आठवड्यातून एकदा निघणारी निवृत्त कारकुनाची मोटार अपराधी, आणि दिवसभर धावणारी नवी थोरली डिझेल गाडी निर्दोष. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने बीएस-४ व त्यापुढील गाड्यांना वयाच्या जाचातून सोडविले. त्याहून जुन्यांना नाही. नवी घेण्याची ऐपत कोणाची, हे कोणी विचारले? ना-हरकत दाखला घेऊन अशा गाड्या परप्रांतात विकण्याची मुभा मात्र ठेवली. तो धूर आता, वाचकहो, कदाचित आपल्याच गल्लीत असेल.