वळण लावलं नाही म्हणे!

वर्गात पोरगं स्वस्थ बसत नाही म्हटलं, की आपल्या बायकांचं ठरलेलं, 'आईनं वळण लावलं नाही.' अहो, १९०२ साली लंडनच्या डॉक्टर स्टिल यांनी अशा मुलांत 'नैतिक संयमाचा दोष' सांगितला होता. तुम्ही अजून तिथंच! १९३७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर ब्रॅडलींनी मुलांना डोकेदुखीसाठी बेन्झेड्रिन दिलं, तर त्यांचा अभ्यासच सुधारला. गोळीनं काय संस्कार बदलले?

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात या विकाराच्या नावातच 'लक्ष' आलं, आणि चळवळ न करणारी मुलंही त्यात धरली गेली. माझी लेक तशीच. दंगा नाही, नुसती खिडकीबाहेर बघायची. शाळेतल्या बाईंनी 'मंद' ठरवलं, मीही फटके दिले. तिला एडीएचडी आहे हे कळलं तिच्या तिसाव्या वर्षी.

'सामायिकाला बसव, चित्त ठरेल' म्हणणाऱ्यांनो, मी रोज बसते. ४८ मिनिटांत माझंही मन चारदा स्वयंपाकघरात जाऊन येतं. ते आत्म्यासाठी आहे, औषधाच्या बदली नाही. गोळीची भीती वाटते ना? मग भूक, झोप, वजन, सगळं डॉक्टरला विचारा. त्या पोराच्या आईला कशाला बोलता?