सहल शेतावर न्यावी, पण कशी?

विद्यार्थी मित्रांनो, सहलीचा विषय निघाला की अजिंठा, तोरणमाळ ही नावे तुमच्या ओठांवर येतात. शाळेपासून तासाभराच्या वाटेवरचे शेत मात्र कोणीच सुचवीत नाही. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक शाळेने वर्षातून एक दिवस चालू शेतावर घालवावा, असे माझे मत आहे.

चालू शेत म्हणजे उद्यान नव्हे. तेथे यंत्रे, वीज, विहीर आणि विषारी औषधे असतात. म्हणून काही शाळा अशी सहल टाळतात, तर काही ‘कशाला हात लावू नका’ एवढे बजावून मुलांना बांधावरून फिरवून आणतात. मला हे दोन्ही पटत नाही. शेतावरील प्रत्येक धोक्यामागे विज्ञानाचा एखादा नियम असतो. तो नियम समजला, की मूल सुरक्षितही राहते आणि शिकतेही.

उदाहरणे पाहा. ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरविणारा दांडा सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. दांड्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर अडकलेली ओढणी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर गुंडाळली जाईल! हे गणित फळ्यावर सोडविलेला विद्यार्थी त्या दांड्याजवळ जाणार नाही. वापरात नसलेल्या खोल विहिरीत हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून कठड्यापासून दूरच उभे राहावे. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण वाचायला शिका. लाल म्हणजे अतितीव्र विष. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही ध्यानात ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी हीच फवारणी होते. तेव्हा हा धडा केवळ सहलीपुरता नाही.

आता पाहायचे काय? एक शेत आणि एकच प्रश्न निवडावा. रावेर-यावलकडील केळीची बाग घेतली, तर प्रश्न पाण्याचा घ्या. दोन झाडांतील व दोन ओळींतील अंतर टेपने मोजा. ते दीड-दीड मीटर भरले, तर हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे होतात. ठिबकची तोटी ताशी ४ लिटरची असेल, तर तिच्याखालच्या भांड्यात १५ मिनिटांत १ लिटर पाणी जमले पाहिजे. कमी जमले तर का? तोटीत क्षार साचले, की नळीतील दाब कमी पडला? धुळ्याकडील शाळांनी पांझरा नदीवरील जुने फड बंधारे पाहावेत. पंपाशिवाय, केवळ उताराने पाणी शेतापर्यंत कसे पोहोचते आणि गावाने ते वाटून कसे घेतले, हे तेथे कळते.

शिक्षक बंधुभगिनींनो, सहलीआधी आपण स्वतः शेत पाहून यावे. विहीर, विजेची पेटी, औषधांची खोली यांचा नकाशा काढून तो वर्गात समजावून सांगावा. त्या आठवड्यात फवारणी झालेली नाही, याची शेतकऱ्याकडून खात्री करून घ्यावी. खानदेशचे ऊन लक्षात घेऊन डिसेंबर-जानेवारीतील सकाळ निवडावी. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. सर्वांच्या पायांत बूट असावेत, कारण पाचोळ्याखाली साप असू शकतो. पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी बरोबर घ्यावी, आणि सर्पदंशावरील लस कोणत्या रुग्णालयात मिळते हे आधीच विचारून ठेवावे.

आणखी एक सूचना. वर्गातील शेतकऱ्यांच्या मुलामुलींना त्या दिवशी वाटाडे करा. प्रयोगशाळेत मागे उभा राहणारा मुलगा केळीचे पील कोणते ठेवावे, कोणते काढावे, हे सर्वांना दाखवील. विज्ञान आपल्याच घरचे आहे, हे त्याला त्या दिवशी उमगेल.

परतल्यावर निबंध लिहून वही मिटू नका. कोणत्या ओळीत पाणी कमी पडते, त्याचा तक्ता करून शेतकरी दादांना नेऊन द्या. त्यांनी तुमच्यासाठी अर्धा दिवस मोडला, त्याची ही परतफेड. तुमच्या मोजणीवरून त्यांनी एक जरी तुंबलेली तोटी साफ केली, तर तुमची सहल सार्थकी लागली म्हणायची.